फाळक्याजवळची जागा

गाडी घेऊन कोणीही आलं की चाचा आधी एकच गोष्ट विचारायचे. "काय नेतंस?"

गाडी कुठली, कधीची, आवाज कुठून येतोय, हे सगळं मागाहून. ड्रायव्हर "चिरे" म्हणाला की चाचांचा चेहरा पडायचा. "चिऱ्याला काय कळतंय रे? खाली पण दगड, वर पण दगड. जा, कडक करून देतंय." "आंबे" म्हणाला की लगेच पुढचं, "कच्चा काय पिकलेला?" कच्चा असेल तर फार विचार नाही. पिकलेला म्हटला की चाचा गाडीभोवती एक फेरी मारायचे, घरी जावई येणार असल्यासारखे. आणि कोणी "माणसं" म्हणाला तर हातातला घण खाली ठेवून आधी चहा मागवायचे. तो चहा ड्रायव्हरला नसायचा. स्वतःला असायचा, विचार करायला.

हातखंब्याच्या पुढे, लांज्याकडे जाताना, हायवेच्या कडेला त्यांची शेड होती. वर पत्रा, खाली तेल सांडून काळी पडलेली तांबडी माती. बोर्ड नव्हता. बोर्ड लावा म्हटलं की म्हणायचे, "कशाला? गाडी आदळली की माणूस आपोआप विचारत येतोय." आणि खरंच यायचा. पाटेवाले चाचा कुठे असतात, एवढं विचारलं तरी पावसपासून संगमेश्वरपर्यंत कोणीही हात करून दाखवायचं.

ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून कमान केलेली असते, ते पाटे. सगळ्यात वरचा लांब, खाली आखूड आखूड होत जातात. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. चाचांच्या लेखी ते एकत्र कुटुंब होतं. वरचा तो थोरला, मग मधले भाऊ, आणि सगळ्यात खालचा आखूड तुकडा म्हणजे शेंडेफळ. "थोरल्यावर सगळा भार दिसतो, पण घर मधले धरून असतात," असं ते पाटा उलटा करून चीर शोधताना पुटपुटायचे. पाट्यांच्या मधे ग्रीसऐवजी उंडीचं तेल लावायचे, होड्यांना लावतात ते. ग्रीस का नाही, तर म्हणे ग्रीस धूळ खातं आणि उंडीचं तेल धुळीला शिवत नाही. हे कितपत खरं होतं मला अजून माहीत नाही. पण त्यांच्या शेडमध्ये शिरलं की बंदरावर आल्यासारखा वास यायचा, आणि मी बंदरावरचीच असल्यामुळे मला तिथे कधी परकं वाटलं नाही.

चाचा गप्पिष्ट होते आणि थापाडे पण होते. तरुणपणी मस्कतला होते. तिथे म्हणे एका शेखाच्या ट्रकमध्ये उंट उभे राहून जायचे आणि वाटेत ओरडायचे. चाचांनी पाटे बदलून दिल्यावर उंट बसून जायला लागले. पुढे तर म्हणे ट्रक थांबला तरी उठेनात. लोटेच्या एका कंपनीच्या बसची गोष्ट ते अशीच सांगायचे. रात्रपाळी करून येणाऱ्या माणसांची पाठ मोडते म्हणून मागचे पाटे नरम करून दिले, तर माणसं इतकी गाढ झोपायला लागली की आपापल्या थांब्यावर उतरेचनात. शेवटी ड्रायव्हर रडकुंडीला येऊन म्हणाला, चाचा, जरा तरी आदळू दे. ही गोष्ट ऐकताना मी हसायचे, आणि चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हस. तुमच्या कॉलेजात हे शिकवीत नायत."

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हा ते मुद्दाम चिपळूणपर्यंत जाऊन आले. पाटे कसे आहेत बघायला. आल्यावर आम्ही विचारलं, कशी आहे गाडी? नाक मुरडलं. "बरी हाय. पण रूळ असला सरळ असल्यावर कोण पण चांगला चालेल. तिना हातखंब्यावरून आणा, मग बघू."

नंतर नंतर हौशी पोरं यायला लागली. गल्फमधून भावाने पैसे पाठवलेले, नवी पिकअप, मागून खाली हवी, ऐटीत दिसायला. चाचा त्यांना उभं करायचे नाहीत. "खाली आणायला कारण लागतं," म्हणायचे. "तुझ्याकडे काय कारण हाय? आरसा?"

आमच्याकडे कारण होतं.

माझी आई मासे विकायची. बंदरावर लिलावात घ्यायचे, बर्फात घालायचे आणि टेम्पोने लांज्याच्या बाजाराला न्यायचे, हे तिने माझ्या जन्माआधीपासून केलं. टेम्पो माझ्या मामाचा. मागे उघड्या हौद्यात आधी माशांच्या पाट्या चढायच्या, मग बायका. त्या पाट्यांवर माझं कॉलेज झालं. आमच्या घरात माझ्याआधी दहावी पण कोणी झालं नव्हतं, आणि मी बी.कॉम. झाले. हे मी कुठेही सांगते, इथे पण सांगते. निकालाच्या दिवशी आईने बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बांगडा जास्त घातला आणि संध्याकाळी मामा तिच्यावर ओरडला.

त्याच वर्षी ती बंदराच्या ओल्या पायरीवर घसरली आणि खुबा मोडला. कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी खुब्यात लोखंडी प्लेट घातली. घरी पाठवताना दोन गोष्टी सांगितल्या. पाय उंच टाकायचा नाही, आणि धक्का बसू द्यायचा नाही. आईने मान हलवली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, की बाजार कधी.

टेम्पोचा हौदा तिच्या कमरेच्या वर येत होता. स्टूल ठेवून बघितलं, तर बंदरावरच्या चिखलात ते कलंडलं. मामाने लोखंडी शिडी करून आणली. आई शिडीकडे बघून म्हणाली, "माडावर चढायचंय का मला?" तरी एक पाय ठेवला, आणि दुसरा उचलता येईना. मग मामा आणि मी तिला दोन्ही बाजूंनी उचलायला गेलो. सगळ्या बायका बघत होत्या. आईने आमचे हात झटकले.

"मी काय पाटी हाय, उचलून ठेवायला? ज्या दिवशी माझी मी चढेन त्या दिवशी जाईन. नायतर नाय जाणार."

पुढे केबिनमध्ये बस म्हणावं तर ती पायरी आणखी उंच. एसटीत ओल्या पाट्या घेत नाहीत. ती घरी बसली. दारात बसायची आणि सकाळी टेम्पो सुटल्याचा आवाज आला की आत जायची. माझ्या आईला रिकाम्या हाताने बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. ती बारीक दिसायला लागली. बारीक म्हणजे अंगाने नाही. बोलायची कमी, भांडायची अजिबात नाही. कोळंबीवाल्याने सडकी कोळंबी आणून दिली तरी गप्प.

मामाच्या डोक्यात आलं, टेम्पोच खाली आणू. गावातल्या एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय केला. मागचे दोनतीन पाटे काढून टाकले. टेम्पो मागून खाली आला. आई हौद्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली, पडवीच्या कट्ट्यावर बसावं तशी टेकली, पाय वर घेतले आणि चढली. आपली आपण. मामाने शिट्टी मारली. मी वेड्यासारखी हात हलवत राहिले.

दुपारी टेम्पो परत आला तेव्हा ती उतरेना. ओठ दातात धरून बसून होती. पाटे कमी केल्यावर प्रत्येक खड्ड्याला गाडी सरळ खाली आदळत होती, लोखंडावर लोखंड. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक साधली होती आणि दुसरी गेली होती. रात्रीचं जेवण तिने नको म्हटलं, आणि मी मामाला म्हटलं, आता हातखंबा.

आम्ही तिघं गेलो. आईला रिक्षातून, उशी ठेवून. टेम्पो मामाने आणला.

"काय नेतंस?" चाचांनी विचारलं.

"मासे," मामा म्हणाला.

"मासे आणि बायका," आई म्हणाली.

चाचांनी घण खाली ठेवला. चहा मागवला. आईने त्यांना सगळं सांगितलं, पडल्यापासून. चाचा ऐकत होते, आणि प्लेटचं नाव निघाल्यावर एकदम पुढे सरकले.

"तुना पण पाटा घातलाय?"

"घातलाय."

"किती पट्ट्यांचा?"

"एकच."

"एकटाच? आणि हेल्पर?"

"हेल्पर ही काय," आईने माझ्याकडे बोट केलं. "बी.कॉम. हाय."

कितीतरी दिवसांनी आई हसली होती. मामाला वाटलं आता काम झालंच. तो म्हणाला, "चाचा, तर मग मागून जरा बसवा गाडी."

आणि चाचा उखडले. असे उखडले की हायवेवरचा एक सायकलवाला थांबून बघायला लागला.

"बसवू? बसलेलीच तर घेऊन आलास! बसली म्हणजे काय, मेली. बसलेला माणूस धक्का कशावर घेतो? ढुंगणावर! शेतात लावणी करणारी बाई बघ. खाली येते का नाय? पण बसते काय? वाकते. गुडघे सैल. दिवसभर वाकलेली, तरी पाय घसरला की सावरते. मना वाकव म्हणून सांग. बसव म्हणायचं असेल तर त्याच गॅरेजात जा."

मामा बिचारा म्हणाला, "बरं, वाकवा."

"आता कसा बोललास."

टेम्पो शेडमध्ये राहिला. आईला चाचांचा भरवसा वाटला होता, पण पूर्ण नाही. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "तू रोज जाऊन बस तिथे. शिकलेली हायस, लक्ष ठेव." मला तेव्हा नोकरी लागायची होती. मी डबा घेऊन जायला लागले. पाट्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण आईने ठेवलेल्या माणसासारखी मी ठामपणे खुर्ची टाकून बसायचे. चाचा मला "ए बीकॉम" म्हणायचे. "ए बीकॉम, तो पाना दे. नाय गो, तो नाय. तुमच्यात पाना नसतो काय?"

"आमच्यात ताळेबंद असतो."

"तो घट्ट करायला काय लागतं?"

"अक्कल."

"मग राहू दे, आपल्याकडे पाना हाय."

काम मी बघितलं म्हणून सांगता येतं. काढून टाकलेल्या पाट्यांच्या जागी त्यांनी दुसरे घातले, पूर्ण कुटुंब केलं. मग एकेका पाट्याची कमान घणाने थोडी थोडी उतरवली. एकदम नाही. ठोकायचे, जमिनीवर ठेवून डोळा लावून बघायचे, परत ठोकायचे. पाटे ज्या कानांत अडकतात ते कान चेसिसवर जरा वर चढवले. म्हणजे पाटे तेवढेच राहिले आणि हौदा खाली आला. चाकाचा दांडा वर उसळला की शेवटी ज्या रबराच्या ठोकळ्यावर आपटतो, तो ठोकळा त्यांनी अर्धा कापला आणि मधे हात घालून मला दाखवलं. "ही जागा बघ. एवढी मोकळी राहिली पाहिजे. ह्या जागेत गाडी श्वास घेते. त्या गॅरेजवाल्याने तिचं नाक दाबलं होतं." सगळ्यात खालचा जाड पाटा, ज्याला हेल्पर म्हणतात तो, असा बसवला की टेम्पो रिकामा असताना तो कशालाच लागायचा नाही, भरला की मदतीला यायचा. घरात पाहुणे आल्यावर शेंडेफळ कामाला लागतं तसं, असं म्हणाले.

आणि मग परीक्षा. चाचांची परीक्षा सगळ्यांना माहीत होती. हौद्यात वजनाला बर्फाच्या लाद्या ठेवून ते स्वतः रिकाम्या फळ्यांवर उताणे निजायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, चल. पुढे बसून काय कळतंय, पुढे रस्ता दिसतो, असं त्यांचं म्हणणं. निजल्या निजल्या डोळे मिटायचे. त्या दिवशी तसेच पाली फाट्यापर्यंत जाऊन आले आणि उठून बसले तेव्हा केसांत फळीचा भुसा होता आणि चेहऱ्यावर शेखाचे उंट बसल्याचा आनंद.

"ने तुझ्या आईला. झोप लागेल."

झोप नाही लागली. आई चढली तर सहज. लांज्याला जाऊन आली. पहिल्यासारखं आदळलं नाही हे कबूल केलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्या भरायची वेळ झाली तरी उठली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आदळत नाय, पण उडवते. उडून खाली आलं की खुबा म्हणतो, मी चाललो." आणि मग हळूच, "राहू दे गो. झालं तेवढं झालं. तू नोकरीचं बघ."

ते "राहू दे" मला सहन झालं नाही. माझ्या आईने आयुष्यात कोणाला राहू दे म्हटलं नव्हतं. लिलावात तर नाहीच. मी तशीच हातखंब्याला गेले.

चाचांनी ऐकून घेतलं आणि चिडले. "उडवत नाय! मी स्वतः निजलो होतो. तुझ्या आईचा खुबा वाकडा असेल."

मी पण चिडले. मी कोणाला ऐकून घेणारी नाही. "खुबा वाकडा आहे म्हणूनच तुमच्याकडे आलोय ना! आणि तुम्ही निजलात ते कुठे निजलात?"

"कुठे म्हणजे? हौद्यात. केबिनच्या भिंतीला डोकं लावून."

"त्या तिथे बसत नाहीत."

"मग कुठे बसतात?"

"मागे. फाळक्याशी."

टेम्पोची मागची उघडायची फळी, तो फाळका. चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं. पाट्या आधी चढतात, त्या आत जातात. बर्फाचं पाणी आत गळतं, तिथे कोण बसणार? बायका मागे बसतात, वारा लागतो, वास कमी येतो, आणि बाजार आला की जी आधी उतरेल तिला चांगली जागा मिळते. त्यातही जी सगळ्यात जुनी तिची जागा अगदी फाळक्याच्या कोपऱ्यात. ती माझ्या आईची. ती जागा सोडून ती आत बसणार नाही, आणि तिने बसू नये.

चाकाच्या पुढे निजलेल्या माणसाला जे कळत नाही ते चाकाच्या मागे, शेपटाला बसलेल्या माणसाला कळतं. खड्डा गेल्यावर शेपूट उडतं. चाचांना हे मी सांगायची गरज नव्हती. फाळका म्हटल्या म्हटल्या त्यांना कळलं होतं. ते खाली बसले.

"आधी का नाय सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? काय नेतंस विचारलंत. कुठं ठेवतंस ते नाही विचारलंत."

त्यावर त्यांनी एकदम "या अल्ला" म्हणून कपाळावर हात मारला, आणि कपाळ काळं झालं.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन बंदरावर आले आणि बाकीच्या बायकांबरोबर टेम्पोत चढले. फाळक्याच्या कोपऱ्यात बसले. बायकांना ऊत आला. "चाचा, कोलंबी काय भाव?" "चाचा, पदर घ्या डोक्यावर, ऊन लागेल." लांज्यापर्यंत त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. परत आले ते एक हात कमरेवर ठेवून, वाकडे चालत.

पुढे त्यांनी जे केलं ते मी कोणाला सांगू नये अशी त्यांनी मला अट घातली होती. चाचा शॉकअपला, गाडीचा धक्का जिरवणाऱ्या त्या नळकांड्याला, शिव्या द्यायचे. तेलाची नळी, म्हणायचे. पाटा असताना नळी कशाला, नळी लावतो तो पाटेवाला नाही, प्लंबर. आणि आता त्यांनी कुठूनतरी एका मोडीत निघालेल्या बसचे दोन शॉकअप आणले, साफ केले, नवं तेल घातलं आणि चाकाच्या मागच्या अंगाला तिरके बसवले. त्यांनी पाटा खाली दबताना मोकळा सोडायचा, पण वर उसळताना धरून ठेवायचा. धुळीचा हात त्यांच्यावरून फिरवला, जुने दिसावेत म्हणून. "पाट्यानेच झालं म्हणून सांग," मला म्हणाले. "हे दिसतायत ते आधीपासून होते."

"आणि कोणी विचारलं तर?"

"तू शिकलेली हायस. खोटं नीट बोलशील."

आता बोलायला हरकत नाही. आता विचारणारंच कोणी राहिलं नाही.

त्यानंतर चाचांचा प्रश्न बदलला. "काय नेतंस, आणि कुठं ठेवतंस?" असं विचारायला लागले, आणि जणू जन्मापासून असंच विचारत होते असा चेहरा करायचे. मला नोकरी लागली, मी लांज्याला रोज एसटीने जायला लागले. खिडकीतून त्यांची शेड दिसायची. कधी घण दिसायचा, कधी नुसते गाडीखालून बाहेर आलेले पाय. हात केला तर पायच हलवायचे. हायवे रुंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते, आणि घण खाली पडताना नेमका कुठे पडेल याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. मुंबईला लेकीकडे गेले. निरोप दिला नाही कोणाला. एक दिवस शेडवर कुलूप होतं, आणि पावसाळ्यानंतर पत्रा पण नव्हता.

ते तिकडे वारल्याचं कळलं ते मामाकडून, त्याला एका ट्रकवाल्याने सांगितलं, तोवर बरेच दिवस झाले होते. आईने ऐकलं. मासळी साफ करत राहिली. मग हात धुताना म्हणाली, "माणूस कमरेत राहिला माझ्या." आता ती पण नाही. मामाने टेम्पो विकला, तो गुहागरकडे कुठेतरी असतो म्हणतात. मी चांगल्या पगारावर आहे, घरची गाडी आहे, ती आदळत नाही. पण गाडीत बसताना कोणी मला विचारत नाही की तू कुठे बसतेस. हायवेने जाताना ती शेड होती तो वळणाचा भाग ओळखता येत नाही इतका सपाट झालाय. मी दरवेळी ओळखायला बघते. गाडी हळू केली की मागचा हॉर्न वाजवतो.

पण ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. शॉकअप लावून टेम्पो बंदरावर आणला ती. आई घरून चालत आली होती, काठी घेऊन. लिलाव उरकला होता, पाट्या आत चढल्या होत्या, बाकीच्या बायका चढून बसल्या होत्या आणि फाळक्याचा कोपरा रिकामा होता. मामाने दुसरीकडे बघत बिडी पेटवली. आईने काठी माझ्या हातात दिली, हौद्याला पाठ केली, कडेवर दोन्ही तळवे टेकले.

सगळे आईकडे बघत होते. चाचा एकटे बघत नव्हते. ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते, मान तिरकी करून, डोळे पाट्यावर. आई टेकली. पाटा जरासा खाली आला. तिने पाय वर घेतले. पाटा आणखी थोडा खाली आला, थांबला, आणि सावकाश, अजिबात न उसळता, जाग्यावर आला.

"चढली," चाचा वर न बघता म्हणाले.

"चढले, चाचा," वरून आई म्हणाली. "आता उठा, बाजार चुकेल माझा."

"आणि उतरताना?"

"काय उतरताना?"

"तिकडे लांज्याला उतरशील, तेव्हा पाटा कसा येतो वर, ते कोण बघणार?"

"तुम्हीच बघा आता. एवढं करून ठेवलंय."

चाचांनी एकदा मामाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि ते पण पाठ करून कडेवर टेकले, आईसारखेच, आणि चढले. बायका ओरडल्या. आई सरकली, त्यांना जागा करून दिली. मामाने टेम्पो सुरू केला.

खाली बघायला आता मीच उरले होते. काठी काखेत धरली आणि मी वाकले. दोघांच्या वजनाने पाटा थोडा खाली आला होता, आणि गाडी श्वास घेते ती मोकळी जागा होती तशी होती.

टेम्पो निघाला. बंदराच्या चढावर खडबडीत दगड आहेत, तिथे कोणतीही गाडी धडपडते. मी कान देऊन उभी राहिले. बायकांचं हसणं ऐकू येत होतं आणि त्यात आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ती चाचांशी भांडत होती.